टायरवालीचा नायटा

ट्रकचं टायर रिमला गंजून बसलं असेल तर ते हलक्या हाताने सुटत नाही. त्याच्या कडेवर घण घालावा लागतो. टायरवाली दोन्ही पाय फाकून उभी राहायची, कमरेतून वळायची आणि घण आणायची तो थेट खांद्याच्या मागून. दोन-तीन घावांत कड सुटायची. तोवर समोरचा ड्रायव्हर चार पावलं मागे सरकलेला असायचा. ही बाई टायरला मारतेय की टायरच्या जागी कुणाला बघून मारतेय, याचा त्याला अंदाज येत नसे.

दुकान तिच्या मामाचं. पंक्चर काढणं, हवा भरणं आणि गप्पा मारणं ही कामं मामाची, दणकायची कामं भाचीची. मामा गिऱ्हाइकाला सांगायचा, "मशीन घेणार होतो. तेवढ्यात बहिणीला ही झाली. म्हटलं, कशाला खर्च?"

टायरवालीचं नाक दोनदा मोडलेलं होतं. डावा कान चेंगरून चेंगरून गोळा झालेला, गरम बटाटा मुठीत दाबावा तसा. हे सगळं कुस्तीतलं. तिचा बाप वस्ताद होता. लाकडाच्या वखारीमागच्या पत्र्याच्या गोदामात त्याची तालीम होती, खाली जाड रबरी गादी, जागोजागी चिकटपट्टीने जोडलेली. पोरं-पोरी मिळून वीसेक जण तिथे रोज संध्याकाळी एकमेकांना आपटायचे. मामाच्या दुकानातल्या फाटक्या ट्यूबचा हातभर पट्टा कापून वस्तादाने तो शिकवायला ठेवला होता. पाय चुकला की पोटरीवर पट्टा. बापाने तिला पहिला पट, म्हणजे पाय ओढून पाडायचा डाव, शिकवला तेव्हा ती दुसरीत होती, आणि शिकवणी अशी झाली की तिचा दुधाचा दात गादीत रुतून बसला. आई तो शोधायला आली, तर वस्ताद म्हणाला, "राहू दे तिथेच. उगवला तर बघू."

घरी ती त्याला बाबा म्हणायची, तालमीत वस्ताद. मार दोन्हीकडे सारखाच.

या तालमीचा एक रिवाज होता, दुसऱ्या कुठल्या तालमीत नव्हता. भिंतीला खिळ्यावर एक मोठा जाडाभरडा पंचा टांगलेला असायचा. कुस्ती झाली की जिंकलेल्याने त्या पंच्याने आधी हरलेल्याचं तोंड, मान, छाती पुसायची आणि मग त्याच पंच्याने आपली. वस्ताद म्हणायचा, "घाम एक झाला, भांडण संपलं." जो नको म्हणेल त्याला पट्टा. आणि खोटं कशाला सांगा, त्या गोदामातून वैर घेऊन कुणी बाहेर पडलं नाही. ज्याने दात पाडला त्याच्याच सायकलवर मागे बसून पोरं घरी गेलेली होती. पंचा आठवड्यातून एकदा धुतला जायचा आणि ओलाच घडी घालून कोपऱ्यात पडायचा.

त्या पंच्याने भांडणं मिटवली आणि नायटा वाटला.

टायरवालीला तो आधी मांडीच्या आत उठला, मग काखेत, मग मानेवर. गोल, लाल, कडेला खरखरीत, मधे साफ. खाज अशी की टायर सोडवताना मधेच घण टाकून ती दाराच्या चौकटीला मान घासायची. मामा म्हणायचा, "भाची, म्हैस सुद्धा गिऱ्हाईक गेल्यावर घासते."

खाजेचं तिला काही वाटलं नसतं. तिला धास्ती होती ती तपासणीची. देशाच्या स्पर्धेला तिच्या वजनात एकच बाई जाणार होती आणि त्यासाठी निवडीची कुस्ती ठरली होती. वजन करतेवेळी डॉक्टर अंगभर कातडं बघतो. नायटा दिसला की सरळ घरी. बाराव्या वर्षापासून ती या एका जागेसाठी हाडं मोडून घेत होती, आणि आता ती जागा मानेवरच्या गोल डागावरून जाणार होती.

वस्तादाने तिचा डाग बघितला, औषधाच्या दुकानात गेला आणि मलमाची नळी घेऊन आला. दुकानदाराने विचारलं नाही कुणाला, कुठे, किती दिवसांचं. याने सांगितलं नाही. "हे लाव. तीन दिवसांत साफ."

आणि खरंच तीन दिवसांत लाली गेली, खाज गेली. वस्तादाने मग नळ्यांवर नळ्या आणल्या. तालमीत रांग लावून, एकाच अंगठ्याने, तो एकेकाच्या अंगाला मलम फासायचा. याच्या जांघेतून निघालेला अंगठा त्याच्या मानेवर. मलम बंद केलं की आठवड्याने डाग दुप्पट होऊन यायचे. मग पुन्हा मलम. निवड येईपर्यंत हे चालू राहिलं. टायरवालीच्या मांडीच्या आत कातडं पातळ, चकचकीत झालं, त्यावर जांभळे वळ उठले, जणू कुणी नखांनी ओढलंय. तिला वाटलं, सरावाचे असतील.

निवडीच्या दिवशी तपासणाऱ्या डॉक्टरला काही दिसलं नाही.

समोर होती बोकी. घाऱ्या डोळ्यांची, मटणाच्या दुकानात सत्तुराने हाडं तोडायच्या कामाला असलेली, नवरा सोडून चार वर्षांच्या लेकीला घेऊन राहणारी बाई. दोघींचं जुनं होतं. आदल्या वर्षी बोकीने तिची करंगळी उलटी मोडली होती आणि कुस्तीच्या पंचाला म्हणाली होती, "मऊच होती."

शिट्टी वाजली आणि बोकीने पहिल्याच झटक्याला कपाळ तिच्या नाकावर आणलं. टायरवालीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिने न बघताच खाली बुडी मारून एक पाय पकडला, उचलला आणि बोकीला पाठीवर आपटलं. पण बोकी मांजरासारखी वळून पोटावर पडली आणि पडता पडता कोपर हिच्या ओठावर घालून गेली. दोघींचं रक्त गादीवर पडलं. पंचांनी कुस्ती थांबवली, रक्त पुसलं, पुन्हा लावली. दुसऱ्या फेरीत बोकीने तिची मांडी आतून धरली आणि पिळली. तेव्हा ते कातडं फाटलं. ओरखडलं नाही, फाटलं, भिजलेला कागद टरकतो तसं, बोटभर. टायरवालीला आग झाली ती मस्तकापर्यंत. त्या आगीत तिने बोकीचा दंड खांद्यावर घेतला, कंबर खाली घातली आणि तिला डोक्यावरून असं भिरकावलं की पहिल्या रांगेतले लोक उभे राहिले. बोकीचे दोन्ही खांदे टेकले. तिच्या खांद्यातून काहीतरी काटकन वाजलं.

चितपट. जागा टायरवालीची, बोकी राखीव. शेवटची तपासणी स्पर्धेच्या दिवशीच, सव्वातीन महिन्यांनी.

वस्ताद पंचा घेऊन आला होता. टायरवालीने बोकीचं तोंड पुसलं, मान पुसली, मग आपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या मनाची पोरगी, म्हणाले.

तीन आठवड्यांनी दोघी कुस्ती संघटनेच्या कचेरीत भेटल्या. बोकीच्या मानेवर गोल डाग होता.

"तुझ्या बापाचा पंचा फार गुणाचा," बोकी म्हणाली. "खाजवून खाजवून मरतेय मी."

टायरवालीने पिशवीतून नळी काढली, अर्धी वापरलेली. "चोळ हे. तीन दिवसांत साफ."

बोकीने तिच्याकडे संशयाने बघितलं. "विष तर नाही?"

"विष असतं तर पूर्ण भरलेली दिली असती."

बोकी हसली. टायरवालीचा उभ्या आयुष्यात कुणाचं आपणहून भलं करायला जायचा हा पहिलाच प्रसंग.

त्यानंतर दीड महिना गेला. एका दुपारी बोकी दुकानात आली. एका हाताला पोरगी, डोक्याला घट्ट फडकं बांधलेली, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीतून तिने सत्तूर काढला आणि मामाच्या पुढ्यात ठेवला.

"हा तुमच्याकडे असू दे, मामा. नाहीतर मी वापरीन."

मामाने सत्तूर उचलून गल्ल्याखाली सारला आणि पोरीला उचलून बाकड्यावर बसवलं. तेवढ्यात मागे धाडकन आवाज झाला. बोकीने टायरवालीला मागून धरून टायरांच्या उतरंडीवर फेकलं होतं. टायरं गडगडत रस्त्यावर गेली. टायरवाली उठते न उठते तोच बोकीने टायर सोडवायची लोखंडी पट्टी तिच्या बरगडीत घातली. टायरवालीने ती पट्टी हातासकट पकडली आणि रिमवर आपटली. बोकीची बोटं चेपली, पट्टी पडली. मग हत्यार कुणाच्याच हाती राहिलं नाही. बोकीने तिच्या मोडक्या कानाला दात लावले. टायरवालीने तिच्या बेंबीत गुडघा घातला. दोघी ट्यूब बुडवून बघायच्या पाण्याच्या टाकीवर आदळल्या, टाकी उलटली आणि त्या काळ्या पाण्यात लोळत एकमेकींच्या तोंडावर मुठी मारत राहिल्या.

"का ते तरी सांग," टायरवाली खालून म्हणाली. तिच्या तोंडात रक्त होतं.

बोकी तिच्या छातीवर बसलेली होती. तिने मूठ उगारली आणि तशीच ठेवली. "मामा, फडकं सोडा."

मामाने पोरीच्या डोक्यावरचं फडकं सोडलं. टाळूच्या डाव्या बाजूला तळहाताएवढी जागा केसांविना होती. तिथे मऊ, सुजलेला गोळा, त्यावर पिवळ्या खपल्या, आणि छिद्राछिद्रातून पू. मामाचं बोट नुसतं लागलं तर केसांचा झुबका निघून आला. पोरगी रडली नाही. तिला सवय झाली असावी.

"माझ्या मानेवरून हिच्या डोक्यात गेलं," बोकी म्हणाली. "दंडावर डोकं ठेवून झोपते ना माझ्या. मग मी हिला तेच लावलं. तू दिलेलं. बरं वाटायचं, पुन्हा यायचं. मी अजून लावलं. रोज लावलं."

तिने मूठ खाली आणली, पण तोंडावर नाही, शेजारच्या फरशीवर. मोडलेल्या बोटांनीच आणली.

मामाने रिक्षा थांबवली.

सरकारी दवाखान्यातल्या कातडीच्या डॉक्टरणीने समोर तिघी बघितल्या. एकीचा कान लोंबत होता, दुसरीची बोटं वांग्यासारखी सुजली होती, आणि मधे एक पोरगी.

"आधी टाके की आधी खाज?" डॉक्टरीण म्हणाली.

"आधी ही," दोघी एकदम म्हणाल्या.

डॉक्टरणीने दिवा जवळ ओढून पोरीचं डोकं बघितलं. खपलीचा नमुना घेतला, चिठ्ठी लिहिली. "डोक्यातल्या बुरशीला वरचं मलम चालत नाही. केसाच्या मुळात बसलेली असते, तिथे मलम पोचत नाही. हिला पोटातून औषध, दोन-तीन महिने. मधे बंद केलंत तर पुन्हा इथेच. केस बरेचसे येतील. थोडी जागा कदाचित तशीच राहील." मग तिने नळी मागितली. बोकीने दिली. डॉक्टरणीने ती डोळ्यांजवळ धरून वाचली आणि टायरवालीला म्हणाली, "वाच, काय काय लिहिलंय."

"मला ही नावं कळत नाहीत."

"मोजता येतात ना? नावं मोज."

"तीन."

"त्यातलं एक बुरशी मारतं. एक जंतूंसाठी, ज्याची तुला गरज नाही. तिसरं स्टिरॉइड. ते खाज दाबतं, लाली दाबतं, आणि कातडीची लढायची ताकदही दाबतं. म्हणजे पहारेकऱ्याला झोपवलं आणि चोराला घर मोकळं दिलं. वरून सगळं शांत, आत बुरशी हातपाय पसरते. मांडी दाखव."

टायरवालीने दाखवली. जांभळ्या वळांच्या मधोमध निवडीच्या दिवशीची जखम अजून पुरती भरलेली नव्हती.

"हे त्या मलमानेच झालंय. कातडं पातळ पडलं. हे वळ आता तुझ्याबरोबरच जातील."

"वळांचं सोडा. मला स्पर्धेला जायचंय. महिना राहिलाय. डाग दिसला तर उतरू देत नाहीत."

"बरोबर करतात."

"महिन्यात जाईल का?"

डॉक्टरीण खुर्चीत मागे टेकली. "मी सांगते तसं केलंस तर जाईलही. आधी हे मिश्रण बंद. बंद केलं की अंग पेटेल, डाग लालभडक होतील, खाजवून वेड लागेल. तरी याच्याकडे वळायचं नाही. गोळ्या देते, आणि हे साधं मलम, यात फक्त बुरशीचं औषध आहे. आंघोळ करायची आणि कोरडं व्हायचं. कोरडं म्हणजे कोरडं. काख, जांघ, बोटांच्या बेचक्या. मग पातळ थर, दिवसातून दोनदा. थापायचं नाही, पराठा लाटत नाहीयेस. डागाच्या बाहेर दोन बोटं जास्त लावायचं, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे सरकलेली असते. लावून झालं की हात धुवायचे. डोळ्यात, तोंडात जाऊ द्यायचं नाही. फाटलंय तिथे नाही, ते आधी भरू दे. फोड आले, फार आग झाली, तर बंद करून इथे यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं. डाग दिसेनासा झाला तरी पुढे दोन आठवडे लावत राहायचं. लोक इथेच मार खातात."

"एवढंच?"

"एवढंच नाही. टॉवेल ज्याचा त्याचा, कपडे गरम पाण्यात धुऊन कडक वाळवायचे, गादी रोज औषधाने पुसायची. आणि तालमीतल्या सगळ्यांना इथे आणायचं. एक जरी राहिला तरी तो सगळ्यांना परत देणार. मग तू कितीही चोळ."

टाके घालताना टायरवालीने बोकीला विचारलं, "तू पण आणणार ना तुझ्या तालमीतल्या?"

"माझ्या तालमीत पंचा नाही," बोकी म्हणाली. "माझ्या तालमीतल्यांना एकमेकांचं तोंड बघवत नाही. वाचले."

संध्याकाळी टायरवाली तालमीत गेली ती टायर कापायची सुरी घेऊन. कुणाशी न बोलता तिने खिळ्यावरचा पंचा काढला आणि उभा फाडला, मग आडवा. वीस जण बघत उभे राहिले. वस्ताद कोपऱ्यातून उठला.

"काय चाललंय?"

"उद्यापासून तालीम बंद. सगळ्यांनी दवाखान्यात यायचं. आधी तुम्ही."

"मला काय धाड भरलीय?"

"तुम्हाला सगळ्यांत जुना आहे. रोज कमरेखाली खाजवता ते काय आम्हाला दिसत नाही?"

एक पोरगी हसली. ते हसणं वस्तादाला लागलं. त्याने पट्टा उचलला आणि लेकीच्या तोंडावर ओढला. गालावर वळ उठला, डोळ्यातून पाणी आलं. दुसऱ्यांदा पट्टा आला तेव्हा तिने तो हवेत धरला आणि मनगटाला गुंडाळत बापाला जवळ ओढलं.

"सोड."

"वस्ताद, पोरीच्या डोक्यातून पू येतोय. चार वर्षांची आहे."

"कुणाच्या पोरीच्या? त्या बोकीच्या? आणि त्यासाठी तू माझा पंचा फाडतेस?"

साठीला आलेला माणूस, पण कपाळ अजून दगडाचं. त्याने ते तिच्या नाकावर आणलं. नाक तिसऱ्यांदा मोडलं, आणि ते मोडल्याचा आवाज पत्र्याखाली सगळ्यांनी ऐकला. पुढच्या श्वासाला त्याचा हात तिच्या गळ्याभोवती होता. हा डाव तिला माहीत होता, यातून सुटायचं कसं हे त्यानेच शिकवलेलं. तिने हनुवटी आत घेतली, त्याच्या पायांत पाय गुंतवला, त्याला कमरेवर घेतलं आणि गादीवर असं आपटलं की चिकटपट्ट्या उखडल्या. मग त्याच्या छातीवर आडवी पडून तिने त्याचा हात मागे पिळला. नाकातलं रक्त त्याच्या दाढीवर ठिबकत होतं.

"सांगा, येतो म्हणून."

वस्तादाने पाठ वाकवून सुटायला बघितलं. तिने अजून पिळलं. त्याचा खांदा कुरकुरला.

"हात निघेल, वस्ताद. मग सही पण मलाच करावी लागेल तुमची."

त्याने मोकळ्या हाताने गादीवर दोनदा थाप मारली, हरल्याची. त्या गादीवर त्याने ती थाप कधी मारलेली कुणी बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सगळी तालीम दवाखान्यात रांगेत उभी होती. वस्ताद पहिला. डॉक्टरणीने त्याला आत घेतलं, दहा मिनिटांनी बाहेर आला तेव्हा कान लाल झालेले.

पुढचे आठवडे टायरवालीला गादीपेक्षा वाईट गेले. मिश्रणाचं मलम सुटलं तसं अंग पेटलं. डाग फुलून आले, रात्री ती मुठी चादरीत गुंडाळून झोपायची, सकाळी चादर दातांनी फाटलेली असायची. दुकानात तिने एका दिवसात इतकी टायरं सोडवली की मामा म्हणाला, "गिऱ्हाईक संपलं, आता माझ्याकडे बघू नकोस." पण ती धुवायची, कोरडी व्हायची, पातळ थर लावायची, बाहेर दोन बोटं, हात धुवायची. हळूहळू कडा विझत गेल्या. मांडीवरचा डाग गेला, काखेतला गेला. तरी ती लावत राहिली. डॉक्टरणीने ज्याचं-त्याचं अंग बघून बरं झालं म्हणून सांगितलं, तेव्हाच पुन्हा गादीवर सराव सुरू झाला, तोही फक्त बऱ्या झालेल्यांचा.

वस्तादाला डॉक्टरणीने अजून परवानगी दिली नव्हती. पण त्याला लेकीचा एक डाव पसंत नव्हता. "हात इथे नको, इथे." शेवटच्या आठवड्यात रोज तो तिला धरून दाखवायचा, उघड्या अंगाने, घामाघूम. तिने एकदा विचारलं, "मलम लावताय ना?"

"लावलं की."

खरं तर, खाज थांबली त्या दिवशी त्याने मलम थांबवलं होतं. जे जाणवत नाही ते नाही, असा त्याचा आयुष्यभराचा हिशोब. नळी अर्ध्याच्या वर भरलेली, मोरीच्या फळीवर पडून होती. हे टायरवालीला कळलं ते स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी, तिच्या उजव्या दंडावर एक रुपयाएवढा नवा गोल उठला तेव्हा.

ती बापापुढे जाऊन उभी राहिली आणि दंड दाखवला. त्याने बघितलं. तिने त्याला मारलं नाही, आणि त्याला मारण्यापेक्षा ते जास्त लागलं असावं, कारण तो जेवला नाही.

सकाळी तपासणीच्या दाराशी वस्ताद तिच्या आडवा आला. त्याच्या मुठीत जुन्या मिश्रणाची नळी होती, आणि नाटकवाले तोंडाला लावतात तसल्या कातडीच्या रंगाच्या लेपाची डबी.

"एका दिवसाचा प्रश्न आहे. दाबून टाक. आत बघणारा काय भिंग घेऊन बसलाय?"

"कुणाशी आहे माझी पहिली कुस्ती?"

"ती उंच, दक्षिणेकडची. का?"

"लेकरू आहे का तिला?"

"मला काय माहीत," वस्ताद म्हणाला. "काहीतरीच काय विचारतेस."

टायरवालीने त्याचा हात बाजूला सारला. आत जाऊन वजन दिलं, बाही वर केली आणि दंड डॉक्टरपुढे धरला.

"कधीपासून?"

"काल."

"औषध?"

"कालपासूनच."

डॉक्टरने नकाराची मान हलवली. "मग नाही. राखीव कोण?"

बोकी. तिचं अंग साफ होतं. डॉक्टरणीने लिहून दिलेला कागद तिच्यापाशी होता. वस्तादाने मात्र तोवर तपासणीचं टेबल उलटवलं होतं, वजनकाट्यावरच्या माणसाची कॉलर धरली होती आणि त्याला भिंतीवर आपटत होता. "बारा वर्षं," तो म्हणत होता, "बारा वर्षं घासलीय पोरगी." दोन शिपाई त्याच्या पाठीवर होते, आणि तो दोघांना घेऊन फिरत होता. टायरवाली गेली, त्याच्या गुडघ्यामागे लाथ घातली, तो बसला, आणि तिने त्याला बखोटीला धरून बाहेर काढलं.

प्रेक्षकांत मामा बसला होता. बोकी गादीकडे जाताना थांबली आणि पोरीला पुढे केलं. टायरवालीने हात मागे घेतले. पोरगी मामाच्या मांडीवर गेली. टाळूवरची सूज उतरली होती, कडेने बारीक काळे केस येत होते, मधली बोटभर जागा गुळगुळीत होती.

"जागा तुझी होती," बोकी म्हणाली.

"माहीत आहे. ती उंच बाई उजव्या पायावर जोर देते. डावा काढ."

"सांगू नकोस मला."

"मग मर."

बोकी गादीवर गेली. त्या उंच बाईने पहिल्याच मिनिटात तिला उचलून तोंडावर आपटलं. पुढचे दोन दात गेले. बोकी ते थुंकून उठली आणि पुन्हा घुसली. पुन्हा आपटली. टायरवालीचे हात आपोआप चालत होते, मांडीवरच्या मांडीवर पकडी घेत होते, सोडत होते. डावा, ती पुटपुटत होती, डावा काढ. शेजारी वस्ताद बसला होता, खाली मान घालून. तिचा हात त्याच्या मनगटावर पडला आणि आवळत गेला.

"सोड," वस्ताद म्हणाला.

तिने सोडलं नाही. खाली बोकीने डावा पाय धरला होता, पण उंच बाई तिच्या पाठीवर कोपरं घालत होती, एक, दोन, तीन, आणि बोकी पाय सोडत नव्हती.

"संध्याकाळी मलम लावणार?"

"लावीन."

"खाज थांबल्यावर?"

वस्ताद गादीकडे बघू लागला. तिने मनगट पिळलं. हाडावर हाड घासलं.

"लावीन म्हटलं ना."

"डाग गेल्यावर?"

खाली उंच बाई कोसळली. बोकी तिच्या छातीवर चढली, रक्ताळलेलं तोंड उघडं ठेवून. लोक उठून उभे राहिले. टायरवाली उठली नाही. ती बापाच्या तोंडाकडे बघत होती आणि पिळत होती.

"दोन आठवडे," वस्ताद म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "डाग गेल्यावर दोन आठवडे. हाड मोडेल, पोरी."

"मोडू दे. मग मी लावीन," ती म्हणाली.